काकवी आणि मेपलचा पाक

विनय नगराचे सरोजिनी नगर झाले, जुन्या क्वार्टरांपैकी बऱ्याचशा पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहू लागल्या. परंतु गावाहून परतणाऱ्या मराठी बिऱ्हाडाच्या सामानात गोड्या मसाल्याशेजारी काकवीचा डबा असण्याची रीत काही सुटली नाही. अलीकडे त्या डब्याला एक शेजारी लाभला आहे. कॅनडा-अमेरिकेत स्थिरावलेली आमची मुले सुट्टीत येताना मेपलच्या पाकाची बाटली आणतात आणि ‘हे झाडाचे, नैसर्गिक आहे, मधुमेहाला चालते’ असे आवर्जून सांगतात. या विधानाचा इतिहासाच्या अंगाने थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

वस्तुतः दोन्ही पदार्थ एकाच कुळीचे. कोल्हापूरकडील गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाडांचा जाळ असतो, रानभेंडीच्या चिकाने मळी वर आणून काढतात, आणि गूळ होण्याआधीच पाक उतरविला की ती काकवी. या गुळाच्या व्यापारासाठीच राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसविली. तिकडे उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांना हीच विद्या मेपल वृक्षापासून अवगत होती. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडून उचलली. हिवाळा सरताना रात्री गोठण व दिवसा ऊब अशी हवा पडली की खोडातून रस पाझरतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के. म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवावा, तेव्हा लिटरभर पाक हाती येतो. आमच्या गुळव्याला एवढे सरपण जाळावे लागत नाही, हे त्याचे भाग्यच!

गोडीचा अतिरेक आपल्या वैद्यांनी फार पूर्वी ओळखला होता. सुश्रुतसंहितेत मधुमेहाचे वर्णन आहे. आज ज्याला ‘लो-कार्ब’ म्हणतात तो आहारही नवा नव्हे. लंडनच्या विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थाने पाव, साखर, बटाटे वर्ज्य करून वजन उतरविले व १८६३ साली त्यावर पुस्तिका छापली. पुढे मधुमेहाच्या रोग्यांना तर जवळजवळ उपाशी ठेवण्यावाचून डॉक्टरांपाशी इलाज नव्हता. तो सापडला १९२१ साली, मेपलच्याच देशात. टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग (आडनाव पुन्हा तेच!) व चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले.

आता हिशेब. मेपलच्या पाकात दोन-तृतीयांश साखरच असते. एका मोठ्या चमच्यात सुमारे १३ ग्रॅम कर्बोदके येतात, आणि कडक लो-कार्ब आहारात दिवसभराची मर्यादा बहुधा २० ते ५० ग्रॅम! रक्तात चढण्याचा वेग साखरेहून किंचित कमी, थोडे मँगनीज अधिक, इतकाच काय तो फरक. काकवीचे लोहही चमच्यापुरतेच. शिवाय ‘पॅनकेक सिरप’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत मेपल नसतेच, मक्याचा पाक असतो. लेबल वाचून पाहावे.

गुऱ्हाळाच्या हंगामात भाकरीशेजारी बोटभर काकवी घेऊन उरलेला दिवस शेतात राबणाऱ्याची गोष्ट वेगळी होती. आम्ही फायलींपुढे बसणारे. आमच्यातील ज्येष्ठांनी अशी बाटली रोजच्या न्याहारीला न घेता कपाटात ठेवावी. इन्सुलिन घेणाऱ्याची रक्तशर्करा एकाएकी उतरून घाम-थरकाप सुटला, आणि तो शुद्धीवर असून त्याला गिळता येत असले, तर त्या घटकेला मात्र हाच एक चमचा कामास येतो.