शेर, लिटर आणि तीन नवे पैसे

आमच्या सूनबाईंनी केकचा मैदा तोलायला एक इलेक्ट्रॉनिक काटा आणला आहे. घरात नवी वस्तू आली की तिच्यावर काहीतरी ठेवून बघणे हा निवृत्त माणसाचा हक्कच आहे. मी पातेले ठेवले, काटा शून्यावर आणला आणि अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी त्यात रिकामी केली. आकडा आला ५१५. अर्ध्या किलोवर पंधरा ग्रॅम! डेअरीवाला उदार झाला म्हणून खूश होणार, तोच वसईच्या आमच्या ओटीवर साठेक वर्षांपूर्वी चाललेला एक खटला आठवला. न्यायाधीश मीच होतो.

तेव्हा दूध शेराने मिळे. शेर हे प्रकरण मुळातच दुटप्पी. मापायचा तोही शेर, तोलायचा तोही शेर. शिवाय मुलखामुलखाचा वेगळा. मण बहुतेक ठिकाणी चाळीस शेरांचा. पण मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्तच! मुंबईच्या पाहुण्याने कलकत्त्याला जाऊन शेरभर रसगुल्ले मागवले असते, तर त्याचे काय झाले असते देव जाणे. अखेर १९३९ साली इंग्रज सरकारने कायद्याने ८० तोळ्यांचा शेर ठरवला. तो लोकांच्या अंगवळणी पडतो न पडतो तोच आपल्या सरकारचा १९५६ चा कायदा आला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोची वजने येऊ लागली आणि १९६२ पर्यंत शेर कागदोपत्री वारला. आमच्या आजीने मात्र त्याचे सुतक पाळले नाही, कारण तो गेला हेच तिला मान्य नव्हते.

आमच्याकडे रतीब घालणारे काका पहाटे तबेल्यातून निघत, गावात दूध घालत आणि उरलेल्या किटल्या लोकलमध्ये चढवून मुंबईकडे नेत. शेराला रुपया हा त्यांचा भाव. एके दिवशी लिटरचे नवेकोरे माप घेऊन आले आणि म्हणाले, "आजी, आता लिटरला एक रुपया दहा नवे पैसे."

"दहा पैसे कसले रे?"

"माप मोठं आहे ना. मी तराजूवर घालून बघितलं. शेरात ऐंशी तोळे दूध, ह्यात अठ्ठ्याऐंशी भरतं."

आजीने मला हाक मारली. "तू शिकतोस ना? सांग बघू."

मी पाटी घेतली. मास्तरांनी शिकवले होते : लिटर म्हणजे किलो. आणि किलोत तोळे किती? शहाऐंशीसुद्धा पुरते होत नाहीत! मग अठ्ठ्याऐंशी आले कुठून? हिशेबाने भाव होतो एक रुपया सात पैसे. मी निकाल दिला : दर लिटरमागे तीन नव्या पैशांची लबाडी.

काका काही बोलले नाहीत. माझ्या पाटीकडे मात्र बराच वेळ बघत राहिले. महिनाअखेर रतीब बंद झाला. आजीने शेजारीपाजारी सांगितले, "आमच्या नातवाने चोर पकडला." मला त्या दिवशी खोबऱ्याची वडी मिळाली.

पुस्तकात काय होते ते आता सांगतो. एक लिटर *पाण्याचे* वजन एक किलो. १९०१ पासून १९६४ पर्यंत लिटरची आंतरराष्ट्रीय व्याख्याच मुळी एक किलो शुद्ध पाणी मावेल एवढी जागा, अशी होती. म्हणजे लिटर हे मापसुद्धा तेव्हा वजनाच्याच पोटी जन्मलेले. पण दूध पाण्याहून जड. लिटरभर दूध भरते सुमारे १ किलो ३० ग्रॅम. त्याचे तोळे करा, अठ्ठ्याऐंशीच्या किंचित वरच येतात. काकांनी वरचा चिल्लर हिशेब सोडून दिला होता. मीच पाण्याचा नियम दुधाला लावला. दुधात पाणी घालणे म्हणतात ते हेच.

आजही अनेक संकलन केंद्रांवर शेतकऱ्याचे दूध काट्यावर घेतात आणि स्निग्धांश बघून भाव देतात. त्यात शहाणपण आहे. उंचावरून धार धरली की फेसाने माप भरते. काट्याला फेस दाखवून काही उपयोग नसतो. गिऱ्हाइकाच्या पिशवीवर मात्र लिटरच.

सूनबाई आत आल्या. "बाबा, पातेल्याकडे काय बघत बसलात? दूध तापवायचंय."

मी पातेले त्यांच्या हाती दिले. काका कुठे गेले, त्यांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. तबेल्याच्या जागेवर इमारती उभ्या आहेत. तीन पैसे परत करायचे म्हटले, तर २०११ पासून पाव रुपयापर्यंतची नाणीही चलनात नाहीत.