खांदा पुन्हा का निसटतो?

भाच्याच्या खांद्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. अजून दुखतो, हात वर नेला की निसटतो. "व्यायामाचा कंटाळा!" असं आम्ही ठरवून टाकलं. मग इतिहास वाचला आणि ओशाळलो.

हिपोक्रॅटिसच्या ग्रंथांत यावर काखेत तापल्या लोखंडाने डागण्याचा उपाय आहे. १९२३ साली लंडनच्या बँकार्ट यांनी खोबणीच्या कडेची फाटलेली कूर्चा शिवायला सांगितली. पण कडेचं हाडच झिजलं असेल तर? १९५४ मध्ये फ्रान्सच्या लातार्जे यांनी खांद्यातल्याच हाडाचा तुकडा तिथे स्क्रूने बसवला. २००० साली बर्कहार्ट व डी बीअर यांनी दुर्बिणीने शिवलेले १९४ खांदे तपासले. हाडाची मोठी झीज नसलेले ४ टक्के, असलेले ६७ टक्के पुन्हा निसटले होते!

काल भाच्याला फोन केला. सीटी स्कॅन करून हाडाची झीज मोजून घे म्हटलं. आणि हो, माफीही मागितली.