डळमळलेला पिचर आणि त्याचा संघ

क्रिकेटमध्ये एखाद्या गोलंदाजाची दिशा बिघडली, तर कप्तान त्याच्याकडून चेंडू काढून घेतो, त्यास सीमेजवळ उभा करतो आणि तासाभराने दुसऱ्या टोकाकडून पुन्हा गोलंदाजीस लावतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात ही सोय नाही. तेथे चेंडू टाकणाऱ्या गड्यास पिचर म्हणतात. तो 60 फूट 6 इंच अंतरावरून एकामागून एक येणाऱ्या सर्व फलंदाजांस चेंडू टाकीत राहतो. सामन्याच्या आरंभी ज्याच्या हाती चेंडू दिला, त्यास एकदा मैदानाबाहेर बोलावले म्हणजे त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. म्हणून असा आरंभीचा पिचर डळमळू लागला की संघाच्या मॅनेजरची स्थिती ‘धरले तर चावते, सोडले तर पळते’ अशी होते. अशा वेळी संघाने काय करावे, याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. ते या खेळाच्या इतिहासातूनच शोधावे लागते.

वॉशिंग्टनच्या संघात वॉल्टर जॉन्सन हा पिचर 1907 सालापासून होता. त्याच्या वेगाची कीर्ती देशभर पसरली होती. परंतु ‘वर्ल्ड सीरीज’, म्हणजे वर्षअखेरच्या अजिंक्यपदाची सामनेमालिका, खेळण्याचा योग त्यास 1924 साली, वयाच्या 36 व्या वर्षी आला. संघाचा मॅनेजर बकी हॅरिस हा अवघा 27 वर्षांचा तरुण असून स्वतः खेळतही असे. न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाविरुद्ध जॉन्सन पहिला सामना हरला आणि पाचवाही हरला. तथापि 10 ऑक्टोबर 1924 रोजी सातव्या व निर्णायक सामन्यात बरोबरी झाली असता, नवव्या डावाच्या आरंभी हॅरिसने चेंडू जॉन्सनच्याच हाती दिला. त्याने चार डावांत प्रतिपक्षास एकही धाव मिळू दिली नाही, आणि बाराव्या डावात वॉशिंग्टनने 4-3 असा विजय मिळविला.

पुढील वर्षी पुन्हा सातवा सामना, पुन्हा तोच मॅनेजर आणि तोच पिचर. दिनांक 15 ऑक्टोबर 1925, स्थळ पिट्सबर्ग. पाऊस पडत होता आणि मैदानात चिखल माजला होता. जॉन्सनने त्या मालिकेतील दोन सामने जिंकून दिले होते, परंतु दुसरा जिंकताना त्याच्या पायास इजा झाली होती. वॉशिंग्टनने पहिल्याच डावात चार धावांची आघाडी घेतली. ती हळूहळू झिजत गेली. जॉन्सनच्या चेंडूंवर एकूण 15 यशस्वी फटके बसले, तरी हॅरिसने त्यास हलविले नाही. आठव्या डावात 7-6 अशी निसटती आघाडी असताना तीन धावा गेल्या आणि सामना 9-7 असा हातचा गेला. क्षेत्ररक्षकाच्या चुकीचाही त्यात वाटा होता. तरीसुद्धा अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी तार पाठवून, भावनेच्या आहारी गेल्याचा ठपका हॅरिसवर ठेवला. हॅरिस मात्र आपल्या निर्णयाचे समर्थनच करीत राहिला.

दोन्ही वर्षी मॅनेजरची निष्ठा एकच होती. मग फळ निराळे का मिळाले? 1924 साली हॅरिसने चेंडू दिला, तेव्हा जॉन्सनचा त्या दिवसाचा हात कसा आहे हे अजून दिसावयाचे होते, आणि तो प्रत्येक डावागणिक चांगला दिसत गेला. 1925 साली त्याच हाताने सात डाव आपली साक्ष दिली होती. परंतु ती बाजूस ठेवून मॅनेजरने कीर्तीची साक्ष ग्राह्य धरली.

हीच गोष्ट 78 वर्षांनी पुन्हा घडली. 16 ऑक्टोबर 2003 रोजी बोस्टनच्या संघाकडे न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध आठव्या डावात 5-2 अशी आघाडी होती. पेड्रो मार्टिनेझ हा त्यांचा विख्यात पिचर थकला होता आणि एक धाव गेलीही होती. मॅनेजर ग्रेडी लिटल त्याच्याजवळ गेला, त्यास विचारले आणि ‘अजून टाकू शकतो’ असे उत्तर मिळताच परत फिरला. पुढील फटक्यांत बरोबरी झाली, अकराव्या डावात सामना गेला आणि त्या महिन्यातच लिटलचे पदही गेले. मानी पुरुषास ‘दमलास काय?’ असे विचारले, तर तो ‘होय’ म्हणेल ही अपेक्षाच व्यर्थ. त्या घटकेचा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो. त्याचे ओझे पिचरच्या खांद्यावर टाकणे बरे नव्हे.

उलट उदाहरण 1956 सालच्या वर्ल्ड सीरीजमधील आहे. यांकीज संघाचे अनुभवी मॅनेजर केसी स्टेंगल यांनी दुसऱ्या सामन्यात डॉन लार्सन यास चेंडू दिला. संघाच्या सहा धावा झाल्या होत्या. पण लार्सनला चेंडू आवरेना. स्टेंगल यांनी त्यास दुसऱ्याच डावात बाहेर काढले. तो सामना यांकीज हरले. असा गडी पुन्हा कोण उभा करील? परंतु तिसऱ्या दिवशी, 8 ऑक्टोबर रोजी, स्टेंगल यांनी चेंडू पुन्हा लार्सनलाच दिला. त्याने ब्रुकलिनचे 27 फलंदाज ओळीने बाद केले. एकासही पहिल्या तळापर्यंत पोचू दिले नाही. वर्ल्ड सीरीजच्या इतिहासात असा सामना दुसरा झालेला नाही. हातातला चेंडू काढून घेणे निराळे आणि विश्वास काढून घेणे निराळे, हा भेद स्टेंगल यांना कळत होता.

तथापि सर्वच दुखणी एका दिवसाची नसतात. टोरंटोच्या संघातील रॉय हॅलडे याची कथा या बाबतीत मननीय आहे. 1998 साली आपल्या दुसऱ्याच सामन्यात त्याने शेवटच्या गड्यापर्यंत प्रतिपक्षास एकही यशस्वी फटका मारू दिला नव्हता. परंतु 2000 सालात त्याचे पुरते पानिपत झाले. पिचरची योग्यता दर नऊ डावांमागे त्याच्या दोषाने किती धावा गेल्या यावरून मोजतात. चार धावा म्हणजे मध्यम प्रत. हॅलडेची सरासरी 10.64 झाली. त्याचा चेंडू वेगवान होता, पण सरळ येई, आणि फलंदाजास तो सहज दिसे.

संघाने त्यास हाकलून दिले नाही, की तसेच खेळवीतही ठेवले नाही. 2001 च्या वसंतात त्यास फ्लोरिडातील डनेडिन येथे, अगदी खालच्या श्रेणीच्या संघात पाठविले. विद्यापीठाच्या पदवीधरास पुन्हा मराठी शाळेत बसविण्यासारखाच हा प्रकार होता. तेथे मेल क्वीन या जुन्या शिक्षकाने प्रथम त्याची कानउघाडणी केली आणि मग त्याची फेकच नव्याने घडविली. डोक्यावरून सरळ खाली येणारा हात त्याने तिरका आणविला. त्यामुळे चेंडू ऐन वेळी वळू व खाली जाऊ लागला. मन स्थिर ठेवण्याचा अभ्यासही हॅलडेने याच काळात आरंभिला. त्याच्या पत्नीने मानसशास्त्रज्ञ हार्वी डॉर्फमन यांचे पुस्तक त्यास आणून दिले होते. एकेक पायरी चढत तो जुलैमध्ये मूळ संघात परतला. 2002 साली त्याने 19 सामने जिंकले, 2003 साली 22. सर्वोत्तम पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कार त्यास 2003 आणि 2010 अशा दोन वेळा मिळाला. 2017 साली विमान अपघातात त्याचा अंत झाला, आणि 2019 साली खेळाच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव कोरले गेले.

मात्र प्रत्येक दुखण्यास औषध असतेच असे नाही. पिट्सबर्गच्या स्टीव्ह ब्लासने 1971 ची वर्ल्ड सीरीज गाजविली आणि 1972 साली 19 सामने जिंकले. 1973 मध्ये मात्र त्यास चेंडू नेमका टाकताच येईना. हातास इजा नव्हती, वेगही गेला नव्हता. संघाने त्यास विश्रांती दिली, दुय्यम कामावर लावले, खालच्या श्रेणीतही पाठविले. जे हॅलडेस पुढे लाभले, त्यातले बरेचसे ब्लासच्याही वाट्यास आले होते. गुण आला नाही. 1975 साली त्याचा खेळ संपला. परंतु तो तुटून गेला नाही, आणि शहरही त्यास विसरले नाही. 1983 पासून 2019 पर्यंत त्याच संघाच्या सामन्यांचे वर्णन श्रोत्यांपर्यंत पोचविणारा आवाज स्टीव्ह ब्लासचा होता.

या साऱ्यांतून संघास घेण्याजोगा धडा इतकाच, की दिवसाचा हिशेब आणि माणसाचा हिशेब एका वहीत मांडू नये. दिवसाचा हिशेब हाताकडे पाहून त्वरित मिटवावा. तेथे कीर्ती, वय वा मागची पुण्याई मध्ये आणू नये. माणसाचा हिशेब मात्र सावकाश करावा. एक वाईट दिवस गेला असेल, तर चेंडू लवकरच परत द्यावा. मुळातच दोष असेल, तर जेथे हार-जीत मोजली जात नाही अशा जागी नेऊन जाणत्याच्या हाती सोपवावे. आणि इतके करूनही यश आले नाही, तर निदान निरोप असा द्यावा, की पुढे कधी त्या मैदानात पाऊल टाकताना त्यास मान खाली घालावी लागू नये.