तुमची आजी कोणाची?

आम्ही परिचारिकेच्या कामात पस्तीसहून अधिक वर्षे घालविली. रोगी वॉर्डात आला की केस पेपरवर आधी त्याचे नाव, मग वय, मग तक्रार आणि त्यानंतर घरची माहिती लिहावयाची. आईला साखर होती का? मामाला हृदयविकार? आजी कशाने गेली? शेजारी-पाजारी असे प्रश्न विचारले तर त्याला चांभारचौकशी म्हणतात. दवाखान्यात मात्र त्यांच्या उत्तरावर पुढचा इलाज अवलंबून असतो.

इस्राएलमध्ये नोकरीला लागल्यावर हे प्रश्न आपल्या वृद्ध मंडळींना मराठीत विचारून डॉक्टरांना हिब्रूत सांगण्याचे काम साहजिकच आमच्याकडे येई. अशाच एका वयस्कर बाई दाखल झाल्या होत्या. मूळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. वडिलांकडची माहिती त्यांनी चार पिढ्यांपर्यंत घडाघडा सांगितली. मग आम्ही विचारले, "मावशी, आणि तुमच्या आईकडे कोणाला साखर होती का?" मावशींनी भिंतीकडे तोंड फिरविले. "आईकडचं काय विचारतेस, बाय? मला काही ठाऊक नाही."

त्यांना सर्व ठाऊक होते. पुढे घरी जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी आपण होऊनच ते सांगितले. त्यांची आजी काळ्यांपैकी होती. तिला, तिच्या मुलीला आणि दोन्ही मुलांना साखर होती. ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळती तर तपासणीला बरेच आधी नीट वळण लागले असते. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईला आजाराची भीती नव्हती. वॉर्डातल्या दुसऱ्या खाटेवर आपल्याच समाजाची एक बाई होती आणि तिच्या कानावर हे जाईल, ही भीती होती.

ज्या तरुण वाचकांना "काळे" म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. पण इतिहास म्हणून त्यांनीही हे ऐकून ठेवावे. आपल्या परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांची संतती कोकणच्या गावोगाव पसरली. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर झाले. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. पुढे ज्यांचे आईबाप दोन्ही बेने इस्राएल ते गोरे, आणि ज्यांच्या घरात केव्हातरी आपल्या धर्माबाहेरची स्त्री आली तिची संतती ती काळी, असे दोन भाग पडले. कातडीच्या रंगाशी याचा संबंध नव्हता. गहूवर्णी काळे होते, आणि कोळशाला लाजवतील असे गोरेही होते! परंतु दोघांत सोयरीक नसे, जेवणखाण एकत्र नसे आणि मशिदीतसुद्धा मान आधी गोऱ्यांचा असे. देव एक, तोरा एक, शब्बाथ एक, भाषा एक. पण ताटे दोन.

हा भेद आपण कोठून घेतला हे सांगावयास पंडित नको. ज्या गावात राहिलो त्या गावात प्रत्येक जातीची पंगत वेगळी होती. तेच पाहून आपणही आपल्या घरात रेघ ओढली. या रेघेचा परिणाम भांडणात झाला असता तर निदान बोलणे तरी झाले असते. परिणाम झाला तो मुकेपणात. काळ्यांच्या घरातले लोक आपली हकीकत सांगेनासे झाले आणि गोऱ्यांच्या घरातले ती विचारीनासे झाले. विचारले जाई ते फक्त लग्न ठरविताना, तेही तिसऱ्याकडून, हळू आवाजात: मुलीची आजी कोणाची?

आता या प्रश्नाचा प्रवास पाहा. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. पुढे बगदादकडील यहुदी व्यापारी मुंबईस येऊ लागले. त्यांची स्वतःची प्रार्थनेची जागा नव्हती तेव्हा ते आपल्याच मशिदीत प्रार्थना करीत, आणि त्यांची माणसे आपल्याच स्मशानभूमीत पुरली जात. पण त्यांचा जम बसल्यावर त्यांच्यातील काही मंडळींनी १८३६ साली सरकारकडे मागणी केली की, स्मशानभूमीत आमच्या आणि बेने इस्राएलांच्या मध्ये भिंत घालून मिळावी. कारण? यांचे रक्त शुद्ध नाही. यांच्या आज्या कोणाच्या हे ठाऊक नाही! जिवंतपणी शेजारी बसलेल्यांच्या मध्ये मेल्यावर भिंत हवी होती. पुढे कित्येक ठिकाणी बगदादी मंडळींच्या मशिदींत आपल्या माणसाला तोरा वाचण्यास बोलावीत नसत. रंगूनला तर मशिदीच्या कारभारातील आपल्या हक्कांचा वाद १९३०च्या दशकात कोर्टापर्यंत गेला, आणि निकाल आपल्या बाजूने लागला.

या अपमानाने आपले वाडवडील दुखावले हे योग्यच होते. पण त्यांनी उत्तर काय दिले? "आमच्यात जे मिसळलेले आहेत त्यांना आम्ही वेगळे ठेवतो, आम्ही गोरे शुद्ध आहोत." म्हणजे बगदाद्यांनी आपल्यावर टाकलेला दगड आपण आपल्याच भावाच्या अंगणात फेकला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा मोठा इतिहास लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. त्यात गोऱ्या-काळ्यांचा विषय आहे. पण तो सांगणारा गोरा आहे. काळ्यांच्या घरातून कोणी आपली बाजू लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार तरी कोणाकडे करावयाची?

मग आपण इस्राएलला आलो. १९६१ साली मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी विवाह करण्यास हरकत नाही असा निर्णय दिला, म्हणून सर्वांना हायसे वाटले. परंतु १९६२ साली विवाह नोंदविणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या की, बेने इस्राएल मनुष्य समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न करीत असेल तर त्याची आई, आईची आई, आणि त्यामागेही जितके जाता येईल तितके जाऊन त्या यहुदी होत्या की नाही याची चौकशी करावी. वाचकहो, शब्द ओळखीचे वाटतात ना? कोकणातल्या ओटीवर जो प्रश्न आपण हळू आवाजात विचारीत होतो, तोच आता टेबलामागून मोठ्याने विचारला जात होता, आणि उत्तर देणाऱ्याच्या जागी आपण सर्व उभे होतो.

पुढे जे झाले ते आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आणि आम्हाला सांगितले. १९६४च्या उन्हाळ्यात गावोगावची आपली कुटुंबे यरुशलेमला जमली, धरणे धरले, उपास केले. त्या वर्षीच्या १७ ऑगस्टला कनेसेटची खास बैठक भरली आणि बेने इस्राएल सर्व बाबतीत यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत कोणताही भेद नाही, असे जाहीर झाले. त्यानंतर रब्बीमंडळाने सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढून टाकले. एका आजोबांना आम्ही विचारले होते, "धरण्याला गोरे किती होते नि काळे किती?" ते हसले. "पोरी, उन्हात बसलेल्याला कोण विचारतो? पाण्याचा तांब्या एकच होता."

आमच्या मते आपल्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट होय. निर्णय आपल्या बाजूने लागला हे तर महत्त्वाचे आहेच. पण तांब्या एक झाला हे त्याहून महत्त्वाचे. एकमेकांशी बोलू लागलो तेव्हाच दुसऱ्यांना आपला आवाज ऐकू गेला.

आता शास्त्र काय म्हणते तेही सांगितले पाहिजे. २०१६ साली आपल्या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, आपल्या रक्तात यहुदी वंश निश्चित आहे आणि हिंदी वंशही भरपूर आहे. आणि हिंदी वंशाचा वाटा अधिक करून आईच्या बाजूने आला आहे. ज्यांना नवगावच्या कथेचा अभिमान आहे त्यांचा अभिमान खरा ठरला. पण ज्यांना गोरेपणाचा अभिमान होता त्यांचे काय? पुष्कळ पिढ्यांपूर्वी, केव्हातरी, कोकणातल्या कोणा स्त्रीने आपल्या घरात दिवा लावला, शब्बाथ पाळला, मुलांना शमा म्हणावयास शिकविले. ती काळ्यांची आजी असेल तर ती आपणा बहुतेकांचीच आजी आहे. "ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ पाहू नये" असे आपण लहानपणी ऐकले. ही म्हण दुसऱ्यांना ऐकवली, पण आपल्या घरात तिचा उपयोग केला नाही.

आज गोरे-काळे हे शब्द उघडपणे कोणी काढीत नाही. परंतु सवय गेली आहे काय? एकाच गावात आपली दोन मंडळे असतात आणि एकाच्या कार्यक्रमाची बातमी दुसऱ्याला नंतर कळते. अमका बोलला म्हणून ऐकावयाचे नाही, तमक्याच्या घरचा आहे म्हणून टाळ्या वाजवावयाच्या. वॉर्डात रात्रपाळीची परिचारिका दिवसपाळीच्या परिचारिकेशी बोलली नाही तर दोघींचे काही बिघडत नाही. बिघडते ते रोग्याचे. समाजाचेही तसेच आहे.

म्हणून आमची एक साधी विनंती आहे. येत्या शब्बाथनंतर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा आणि आईच्या बाजूची नावे लिहून घ्या: आई, आजी, पणजी, गाव, आजार, कोणते गाणे म्हणत, मलिद्यात काय घालीत. नाव कोणत्याही घरचे निघो, ते पूर्ण लिहा. प्रश्न तोच विचारावयाचा आहे, "तुमची आजी कोणाची?" फक्त या वेळी उत्तर ऐकून घ्यावयाचे आहे.

मावशी आता नाहीत. आमच्या वहीत त्यांच्या आजीचे नाव आहे. त्यांच्या नातवंडांनी मागितले तेव्हा आम्ही ते दिले.