अपयश ही यशाची पहिली पायरी खरंच असते का? 'इस्रो'च्या फसलेल्या मोहिमा काय सांगतात?

'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य आपण शाळेच्या फळ्यावर वाचतो आणि निकालाच्या दिवशी नातेवाइकांकडून ऐकतो. पण प्रत्येक अपयशानंतर यश मिळतंच असं नाही. मग अपयशाची पायरी नेमकी कधी होते? याचं उत्तर शोधण्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्था म्हणजेच 'इस्रो'चा इतिहास उपयोगी पडतो. कारण तिथलं अपयश लपत नाही, ते साऱ्या देशाला दिसतं.

१९७९ मध्ये नेमकं काय झालं होतं?

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा इथून 'एसएलव्ही-३' या भारताच्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण झालं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम या प्रकल्पाचे संचालक होते.

उड्डाणाला काही मिनिटं उरली असताना संगणकाने उलटी गिनती थांबवली. नियंत्रण यंत्रणेत काहीतरी बिघाड असल्याचं पडद्यावर दिसत होतं. मात्र इंधनाचा राखीव साठा पुरेसा आहे, असं सोबतच्या तज्ज्ञांनी सांगितलं आणि आपण संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय घेतला, असं कलाम यांनीच पुढे अनेकदा सांगितलं.

पहिल्या टप्प्याने चोख काम केलं. दुसऱ्या टप्प्यात रॉकेटवरचं नियंत्रण सुटलं आणि काही मिनिटांतच ते बंगालच्या उपसागरात कोसळलं. चौकशीत कारण समोर आलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप नीट बंद झाली नव्हती आणि तिथून नायट्रिक आम्ल गळून गेलं होतं. एका झडपेपायी अनेक वर्षांची मेहनत समुद्रात गेली.

अपयशाची जबाबदारी कोणी घेतली?

त्या वेळी इस्रोचे अध्यक्ष होते प्रा. सतीश धवन. पत्रकार परिषदेत कलाम यांना पुढे न करता धवन स्वतः बोलले. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास दाखवला.

१८ जुलै १९८० रोजी पुढचं उड्डाण झालं आणि 'रोहिणी' उपग्रह कक्षेत पोहोचला. या वेळी धवन यांनी पत्रकारांसमोर कलाम यांना पाठवलं.

हा प्रसंग एरवी नेतृत्वाचा आदर्श म्हणून सांगितला जातो. पण त्याला एक व्यावहारिक बाजूही आहे. चूक कबूल केल्यावर नोकरी जाईल अशी भीती असेल, तर माणसं चूक लपवतात. चूक लपली की कारण सापडत नाही आणि कारण सापडलं नाही की तीच चूक पुन्हा होते.

एकदा चूक सुधारली की यश नक्की मिळतं का?

नाही. 'एएसएलव्ही' हे पुढचं रॉकेट याचं उदाहरण आहे. मार्च १९८७ मधलं त्याचं पहिलं उड्डाण फसलं. दुरुस्त्या करून जुलै १९८८ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही फसला. या वेळी कारण वेगळं होतं. १९९२ च्या तिसऱ्या उड्डाणात उपग्रह कक्षेत गेला, पण ठरल्यापेक्षा खालच्या. पूर्ण यश मिळायला मे १९९४ उजाडलं.

'पीएसएलव्ही'चं सप्टेंबर १९९३ मधलं पहिलं उड्डाणही अयशस्वी ठरलं होतं. पुढे याच रॉकेटने २००८ मध्ये 'चांद्रयान-१' आणि २०१३ मध्ये 'मंगळयान' अवकाशात नेलं.

'चांद्रयान-२' कडून 'चांद्रयान-३' काय शिकलं?

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे 'चांद्रयान-२' च्या 'विक्रम' लँडरशी संपर्क तुटला आणि तो चंद्रावर आदळला. यामागची कारणं इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी नंतर जाहीरपणे सांगितली:

- इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यामुळे लहान-लहान चुका साठत गेल्या.
- त्या सुधारण्यासाठी यानाला झटकन वळायचं होतं, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती.
- उतरण्यासाठी ठरवलेली जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर होती. तिथे पोहोचण्याच्या धडपडीत वेग आटोक्यात आला नाही.

'चांद्रयान-३' मध्ये यातल्या प्रत्येक मुद्द्यावर उपाय केला गेला. उतरण्याचं क्षेत्र सुमारे ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतकं वाढवलं. पाचऐवजी चार इंजिनं ठेवली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, वेग मोजणारं लेझर उपकरण बसवलं आणि सॉफ्टवेअर बदललं.

सर्वात मोठा बदल विचारात होता. सगळं सुरळीत होईल असं गृहीत न धरता, काय काय बिघडू शकतं आणि तरीही यान सुखरूप कसं उतरेल, हा प्रश्न आधी विचारला गेला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरला.

विशेष म्हणजे, 'चांद्रयान-२' पूर्ण वाया गेलं नव्हतं. त्याचं ऑर्बिटर चंद्राभोवती फिरत होतं आणि त्याने काढलेली छायाचित्रं नव्या मोहिमेला जागा निवडताना उपयोगी पडली.

मग अपयशाची पायरी कधी होते?

या सगळ्या मोहिमांमध्ये तीन गोष्टी समान दिसतात. नेमकं काय चुकलं याचा शोध घेतला गेला, काम करणाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं नाही आणि पुन्हा प्रयत्न करायला पैसा व वेळ मिळाला.

यातली तिसरी गोष्ट अनेकदा विसरली जाते. स्पर्धा परीक्षेत अपयश आलेल्या प्रत्येकाच्या घरी आणखी एक वर्ष अभ्यासाला देण्याची ऐपत नसते. धंदा बुडालेल्या प्रत्येकाला नवं कर्ज मिळत नाही. त्यामुळे यशस्वी झालेल्यांच्या कहाण्या ऐकून 'प्रयत्न कमी पडले' असा ठपका ठेवणं योग्य नाही.

ज्यांना दुसरी संधी मिळते, त्यांच्यासाठी मात्र पहिल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. गुणपत्रिका कपाटात ठेवून तोच अभ्यास त्याच पद्धतीने पुन्हा करणं म्हणजे गळकी झडप न बदलता रॉकेट पुन्हा उडवणं. आणि घरातलं कुणी नापास झालं, तर 'लोक काय म्हणतील' याचं उत्तर देण्याची जबाबदारी काही दिवस घरच्या मोठ्यांनी घेतली, तर त्या मुलाला कुठे चुकलं ते शांतपणे पाहता येतं.