विजेचें सुलटें आणि उलटें

पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहतें, हें कोणाला शिकवावें लागत नाहीं. विजेची दिशा मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. ती तारेच्या रंगावरून आणि बॅटरीवर कोरलेल्या अधिक व उणे या चिन्हांवरूनच ओळखावी लागते. मोटारसायकलची बॅटरी बदलतांना या दोन टोकांची नजरचुकीनें अदलाबदल झाली, कीं एक ठिणगी उडते आणि गाडी मुकी होते. मग दुरुस्तीच्या दुकानांत ‘सगळेंच जळलें’ असा निकाल बहुधा चटकन् मिळतो आणि घरांतील एकुलत्या एका वाहनासाठीं मोठ्या खर्चाची तयारी करावी लागते. वस्तुतः सगळें कधींच जळत नाहीं. काय जळतें आणि काय वांचतें, याचें उत्तर वाहनांतील विजेच्या इतिहासांत आहे. आणि तो इतिहास समजून घ्यावयास इगतपुरीसारखें ठिकाण क्वचितच सांपडेल.

इगतपुरी हें गांव थळ घाटाच्या माथ्यावर वसलें आहे. कसाऱ्याहून इगतपुरीस येणारा लोहमार्ग १८६५ सालच्या १ जानेवारीस खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा त्याचा चढ आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धांवली आणि १९३० पर्यंत विजेची तार हा घाट चढून इगतपुरीस पोंचली. त्या तारेंत १५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह, म्हणजे एकाच दिशेनें वाहणारी वीज, खेळत असे. तार हें धन टोक व रूळ हें ऋण टोक, अशी मांडणी होती.

घाटांतील मालगाड्या ओढण्यासाठीं १९२८ पासून जीं लांबट नाकाडाचीं इंजिनें आलीं, त्यांस रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत. तांब्याच्या तारांचीं वेटोळीं आणि लोखंडाचे गाभे, हाच त्यांच्या मोटारींचा संसार होता. अशा मोटारीचा एक गुण लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तिला पुरविलेल्या विजेचीं दोन्ही टोकें उलटीं केलीं, तरी ती पूर्वीच्याच दिशेनें फिरते. कारण तिच्या फिरत्या आणि स्थिर अशा दोन्ही भागांतील चुंबकत्व एकदमच उलटतें. गाडी मागें न्यावयाची तर दोहोंपैकीं एकाच भागाचा प्रवाह फिरवावा लागतो. शिवाय घाट उतरतांना याच मोटारी वीज निर्माण करीत व ती तारेंत परत पाठवीत. उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीच्या उपयोगीं पडे. तात्पर्य, त्या काळच्या यंत्रास प्रवाहाची उलटी दिशा घातक नव्हती. योग्य रीतीनें हाताळल्यास ती उपकारकच होती.

त्याच सुमारास मोटारसायकलींवर डायनॅमो आला. डायनॅमोच्या लोखंडांत थोडेंसें चुंबकत्व शिल्लक राहतें आणि निर्माण होणाऱ्या विजेचें धन टोक कोणतें हें त्यावरूनच ठरतें. बॅटरी उलटी जोडली गेली तर तारा तापत, बॅटरीस इजा होई, क्वचित् डायनॅमोचीं टोकें पालटत. परंतु बॅटरी सुलटी करून डायनॅमोच्या वेटोळ्यास क्षणभर तिच्या विजेचा स्पर्श दिला, कीं त्याचें चुंबकत्व पुन्हां मूळपदावर येई. तारेचा दिवा आणि भोंगा यांना तर सुलट-उलट हा भेदच ठाऊक नाहीं. इतकेंच नव्हे, तर पुष्कळ ब्रिटिश मोटारसायकलींत १९७० नंतरच्या दशकापर्यंत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडण्याची पद्धति होती. आज सर्वत्र ऋण टोक सांगाड्यास जोडतात. म्हणून जुन्या गाडीस आजचा नियम डोळे मिटून लावणें धोक्याचें ठरतें.

पुढें चित्र पालटलें. १९५३ मध्यें ट्रायंफ कंपनीच्या स्पीड ट्विन या गाडीवर डायनॅमोऐवजीं आल्टरनेटर आला आणि हळूहळू सर्वत्र हीच रीति रूढ झाली. आल्टरनेटर हलका व टिकाऊ खरा, पण त्याची वीज उलटसुलट वाहते. बॅटरीला ती चालत नाहीं. ती एकदिश करण्यासाठीं रेक्टिफायर लागतो. त्यांतील डायोड म्हणजे एकाच बाजूस उघडणारें दार. बॅटरी सुलटी असतां हीं दारें तिची वीज अडवून धरतात. ती उलटी जोडली तर हींच दारें सताड उघडतात आणि बॅटरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विजेला बिनअडथळ्याची वाट मिळते. फ्यूज वेळेवर वितळला तर रेक्टिफायर वांचतो; नाहीं तर डायोड कायमचे निकामी होतात.

हाच पालट लोहमार्गावरहि घडला. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत भुसावळच्या बाजूनें २५,००० व्होल्टची उलटसुलट वीज इगतपुरीस येऊन भिडली आणि या गांवीं दोन प्रकारच्या विजांची सीमा निर्माण झाली. एका बाजूचें इंजिन दुसऱ्या बाजूच्या तारेखालीं नेणें म्हणजे त्याचा नाश. म्हणून येथें इंजिनें बदलावीं लागत. नव्या इंजिनांच्या पोटांत रेक्टिफायर होता. वीज तारेंतून आंत येई, पण त्या एकमार्गी दारांतून परत जाऊं शकत नसे. जुन्या खेकड्याला जें साधत होतें, तें साधण्यास दोन्ही बाजूंनीं नियंत्रित करतां येणारीं इलेक्ट्रॉनिक साधनें यावीं लागलीं. दोन्ही विजांवर चालणाऱ्या इंजिनांमुळें सीमेचा जाच कमी झाला, आणि एप्रिल २०१६ मध्यें मुंबईच्या हार्बर मार्गावरील १५०० व्होल्टची शेवटची लोकल धांवल्यावर एकदिश विजेचा हा अध्याय तेथें संपला.

मोटारसायकलींत रेक्टिफायरनंतर ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आली, आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत इंधनाचें माप ठरविणारा लहानसा संगणकहि आला. प्रत्येक सुधारणेबरोबर गाडी अधिक हुषार झाली आणि चुकीच्या दिशेविषयीं अधिक असहिष्णु झाली.

नुकसानीचा शोध घ्यावयाचा तो याच ऐतिहासिक क्रमानें, जुन्याकडून नव्याकडे. प्रथम बॅटरी सोडवावी. सोडतांना ऋण टोक आधीं व जोडतांना तें शेवटीं, म्हणजे पाना सांगाड्यास लागून ठिणगी उडत नाहीं. बारा व्होल्टची पूर्ण भारलेली बॅटरी विश्रांतींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. त्यानंतर मुख्य फ्यूज पाहावा. तो गेला असेल तर त्याच मापाचा नवा घालावा. त्याच्या जागीं तार बसविणें म्हणजे पहारेकऱ्यास हांकलून देणें होय. तारांचे जोड वितळले आहेत काय, हें डोळ्यांनीं व नाकानें तपासावें. मग बॅटरी सुलटी जोडून दिवा व भोंगा पाहावा; ते बहुधा शाबूत असतात. नवा फ्यूजहि लागलीच गेला तर रेक्टिफायरच्या डायोडांवर संशय घ्यावा. तो सोडवून मीटरनें तपासला असतां प्रत्येक डायोडनें एकाच दिशेनें वीज सोडली पाहिजे. दोन्हीकडून सोडली किंवा दोन्हीकडून अडविली तर तो मेला. इंजिन चालूं झाल्यास बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान दाब यावयास हवा. तो चढत नसेल तर दोष रेक्टिफायरचा किंवा आल्टरनेटरच्या वेटोळ्याचा. हें सर्व ठीक असूनहि ठिणगी पडत नसेल, तरच महागड्या इलेक्ट्रॉनिक पेटीकडे वळावें.

हा क्रम पाळणें ही केवळ हौस नव्हे. इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. पण त्या मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. मोटारसायकलवाल्याची वाट अजून जुन्या कसारा घाटांतूनच जाते, आणि पावसाळ्यांतील धुक्यांत विझलेला दिवा म्हणजे जिवाशीं गांठ. अर्धवट दुरुस्त झालेली गाडी तेथें नेणें जितकें अविचाराचें, तितकेंच एका डायोडच्या दोषासाठीं सबंध गाडीची तार बदलणें व्यर्थ. कोणता भाग केव्हां व कशासाठीं आला हें ज्यास ठाऊक आहे, तो मिस्त्री आधीं मीटर हातांत घेतो आणि नव्या सामानाची यादी मागाहून करतो.