मुक्तांबेच्या नावाचे गाव

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघाले की वाटेत ओरत्तनाडु लागते. तंजावरच्या भोसले राजांच्या काळात या गावाला मुक्तांबापुरम हे नाव पडले. ही मुक्तांबा दुसऱ्या सरफोजीराजांची लग्नाची राणी नव्हे, लग्नाशिवाय ठेवलेली स्त्री. जुन्या मराठीत अशा स्त्रीला नाटकशाळा म्हणत. आपल्या नावाने अन्नछत्र चालवावे, एवढेच तिने मरताना मागितले, असे सांगतात. 1802 मध्ये छत्र उभे राहिले. दगडी घोडे आणि हत्ती रथ ओढत आहेत, अशी त्याची बांधणी.

छत्र म्हणजे नुसती पंगत नव्हती. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तरी छत्रे हातची जाऊ नयेत म्हणून सरफोजींनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटाला पत्र लिहिले. वाटसरूला जेवण, आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीची देखभाल हे सगळे त्या पत्रात आहे. पोरकी मुले पंतोजींच्या हवाली होत. त्यांना दिवसातून तीनदा जेवण मिळे आणि दर चार दिवसांनी अंगाला तेल लागे.

मुलींच्या वाट्याला मात्र पंतोजींची अक्षरे क्वचितच आली.

मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी 1822 मध्ये इलाख्यातल्या शाळांची मोजदाद सुरू केली. घरंदाज बाईने लिहिणे-वाचणे अशोभनीय मानतात, ते नाचणाऱ्या बायकांनाच शोभते असे समजतात, असे त्यांनी 1826 च्या टिपणात नोंदवले. म्हणजे जिला समाज प्रतिष्ठा देत नव्हता, तिलाच लेखणी धरायची मोकळीक होती. तंजावरात याचा पुरावा आधीच होता: राजे प्रतापसिंहांच्या दरबारातली गणिका मुद्दुपळनी हिने तेलुगूत ‘राधिका सांत्वनमु’ रचले.

गणिकेला निदान लेखणी मिळाली, राबणाऱ्या मोलकरणीला यातले काहीच मिळाले नाही. तिचे चित्र मात्र निघाले. सोल्व्हिन्स या चित्रकाराने 1799 मध्ये कलकत्त्यात 250 रंगीत खोदचित्रे छापली, त्यांत घरच्या नोकरांचा वेगळा विभाग आहे. तंजावरचे चितारी साहेबांसाठी विलायती कागदावर एकेका जातीचे, एकेका धंद्याचे जोडपे रंगवत. नवऱ्याच्या हातात अवजार, बायकोच्या काखेत टोपली किंवा डोक्यावर मडके, मागे नुसते आभाळ. अशा कितीतरी चित्रांखाली इंग्रजीत जात आणि धंदा लिहिलेला असतो. टोपलीवाल्या बाईचे नाव तिथे नसते.

ओरत्तनाडूच्या नाटकशाळेचे नाव मात्र अख्ख्या गावाला मिळाले.